तोंडओळख

इटलीच्या सिसिली बेटावरील पालेर्मोच्या बाल्लारो बाजारात एका गाडीपुढे आम्ही नऊ जण अर्धवर्तुळ करून उभे होतो. गाईडने प्रत्येकाच्या हातात तेल पाझरलेल्या कागदाची एकेक पुडी ठेवली आणि सगळ्यांचा पहिला घास होईपर्यंत ती मुद्दाम गप्प राहिली. पुडीत तीळ लावलेला मऊ पाव होता आणि पावात तीनचार सोनेरी, पातळ, गरम चकत्या. वर लिंबू पिळलेले. घास गिळून झाल्यावर ती एकेकाला विचारू लागली, “तुमच्या घरच्या कोणत्या पदार्थाची आठवण येते का?” नेदरलँड्सहून आलेले वृद्ध जोडपे हसून मान हलवत नाही म्हणाले. एका अमेरिकन बाईंना बटाट्याच्या कापांची आठवण झाली. मग ती माझ्याकडे वळली. भारतातून आलेली मी एकटीच असल्यामुळे असेल, तिच्या डोळ्यांत जरा जास्त उत्सुकता होती. मी म्हणाले, “नाही. असे काही आमच्याकडे नसते.”

त्या चकत्या म्हणजे पाटवड्या होत्या.

पाटवड्यांसारख्या असे मी म्हणत नाही. चण्याचे पीठ पाण्यात कालवायचे, मीठ घालायचे, मंद आचेवर घोटत राहायचे आणि गोळा भांड्याच्या कडा सोडू लागला की तो गरम असतानाच पातळ पसरायचा. निवला की कापायचा. पालेर्मोत त्यात पार्सलीची पाने चिरून घालतात आणि कापलेल्या चकत्या भरपूर तेलात तळतात. त्यांना पानेल्ले म्हणतात. आमच्याकडे मोहरी, हिंग, मिरची आणि लसणाची फोडणी आधी असते, पीठ मागाहून येते. ताटाच्या पाठीला तेलाचा हात फिरवून त्यावर गोळा ओल्या हाताने थापतात, खोबरे-कोथिंबीर भुरभुरतात आणि सुरीने शंकरपाळ्यांसारखा आकार देतात. एवढाच काय तो फरक. पहिला घास घेताच जिभेने ओळख पटवली होती. चण्याच्या पिठाला शिजल्यानंतरही राहणारा तो किंचित कच्चट, मातकट वास, कडेचा कुरकुरीतपणा आणि आतला लुसलुशीत, टाळूला चिकटणारा भाग, सगळे जसेच्या तसे होते. आणि तरीही मी नाही म्हणाले, तेही विचार न करता, कुणी दारात वर्गणी मागायला आले की आतून “घरात कोणी नाही” असे सांगावे तितक्या सहज.

त्या उत्तराने पुढचे तीन तास माझी पाठ सोडली नाही. खोटे बोलण्याचे काहीच कारण नव्हते. उलट, हो म्हटले असते तर ती खूश झाली असती, दोन मिनिटे गप्पा रंगल्या असत्या, गटातल्या लोकांनी पाटवडी हा शब्द उच्चारून पाहिला असता. पहिले समर्थन मी मनाशी असे केले की माझ्या मुलाने या सहलीचे सत्तर युरो भरले होते. मिलानला शिकणाऱ्या मुलाने पार्टटाइम नोकरीच्या पैशांतून आईला वाढदिवसाची भेट म्हणून पालेर्मोची खाद्यसफर दिली आणि तिथे पहिल्याच थांब्यावर आईला पाटवडी मिळाली, ही गोष्ट मला मान्य करवत नव्हती. मनात हिशेब झाला की सत्तर युरो अनोळखी चवीचे आहेत, ओळखीच्या चवीचे नाहीत. अशा सफरींमध्ये खाणे कमी आणि परकेपण जास्त विकत मिळते, हे मला नंतर सुचले. पाहुण्याने आश्चर्यचकित व्हायचे, हे त्या व्यवहारात गृहीत असते, आणि मी पैशांचा मोबदला म्हणून माझ्या वाट्याचे आश्चर्य प्रामाणिकपणे पुरवले, इतकेच. समर्थन बरे होते, पण ते पूर्ण नव्हते आणि हे मला तेव्हाही कळत होते.

गाईडला मात्र नावे ठेवायला जागा नव्हती. पंचविशीची मुलगी होती, बाजारातच वाढलेली, आणि गोष्ट कुठे थांबवायची हे तिला पक्के ठाऊक होते. तिने सांगितले की ८३१ मध्ये अरबांनी हे शहर घेतले आणि १०७२ मध्ये नॉर्मनांनी ते त्यांच्याकडून घेतले, आणि मधल्या अडीचशे वर्षांच्या पाऊलखुणा ताटात शोधायच्या. चण्याच्या पिठाचा हा प्रकारही त्याच काळातला मानतात. तिने इब्न हौकलचीही गोष्ट सांगितली. हा अरब प्रवासी ९७३ च्या सुमारास इथे आला, बाजार आणि मशिदी पाहून थक्क झाला, पण इथल्या माणसांबद्दल त्याचे मत काही चांगले झाले नाही. ही मंडळी सकाळ-संध्याकाळ कच्चा कांदा खातात आणि त्यामुळेच यांची डोकी बिघडली आहेत, असे त्याने लिहून ठेवले आहे. गट मनापासून हसला. मीही हसले, पण बुक्कीने कांदा फोडून भाकरीबरोबर खाणाऱ्या सातारच्या माणसांची नात म्हणून तो टोमणा मला जरा लागलाच. गाडीवरचा माणूस एव्हाना पुढच्या गिऱ्हाइकासाठी पाव चिरत होता आणि शेजारचा मासेवाला गळ्याच्या शिरा ताणून ओरडत होता. या ओरडण्याला इथे आब्बान्याता म्हणतात आणि त्याला चाल असते. शेवटचा स्वर लांबवून वर नेण्याची त्याची लकब ऐकून मला लालबागच्या बाजारातल्या बोंबीलवाल्या मावशी आठवल्या. ते मात्र मला कोणी विचारले नाही.

पुढचा थांबा ‘पानी का मेउझा’चा होता. देवनागरीत लिहिले की हे नाव हिंदी वाटते, पण इथल्या बोलीत पानी म्हणजे पाव. आपला पाव पोर्तुगिजांकडून गोव्यात आला आणि तिथून मुंबईच्या बेकऱ्यांत पोचला. पोर्तुगिजांचा ‘पाँव’ आणि सिसिलीचा ‘पानी’ एकाच लॅटिन शब्दाची लेकरे आहेत. म्हणजे आमच्या वड्याखालचा पाव आणि या चकत्यांखालचा पाव चुलत भाऊ निघाले, आणि मी त्यांच्यातले नाते नाकारून मोकळी झाले होते. मेउझा म्हणजे वासराची प्लीहा. प्लीहा आणि फुप्फुस आधी उकडतात, पातळ कापतात आणि उतरत्या, तिरक्या कढईत चरबीत परततात. नुसते लिंबू पिळून घेतले तर तो पाव ‘स्किएत्ता’, म्हणजे अविवाहित. वर रिकोत्ता नावाचे ताजे, मऊ चीज आणि दुसरे किसलेले चीज घातले तर ‘मारिताता’, म्हणजे लग्न झालेला. मी अर्जात गोमांस चालत नाही असे लिहिले होते, म्हणून मला नुसता रिकोत्ता घातलेला पाव मिळाला आणि तो खात मी कढईकडे पाहत राहिले. गाईडने सांगितलेली कथा अशी की इथले ज्यू खाटीक धर्माज्ञेमुळे जनावर कापण्याची मजुरी पैशांत घेत नसत, मोबदला म्हणून आतडी-कोथळा घेत आणि तो शिजवून विकत. १४९२ च्या आज्ञेने ज्यूंना सिसिलीतून हाकलले गेले. माणसे गेली, पण कढई राहिली. जुन्या ज्यू वस्तीतल्या रस्त्यांच्या पाट्यांवर आजही इटालियनबरोबर हिब्रू आणि अरबी अक्षरे आहेत; त्या पाट्यांखाली उभे राहून पर्यटक फोटो काढतात.

बाजाराच्या टोकाला एक फ्रित्तोलावाला दिसला. वेताच्या टोपलीवर जाड कापड, कापडाखाली वासराच्या हाडांवरून खरवडलेले, उकडून चरबीत परतलेले तुकडे आणि मसाल्याची ऊब. तो कापडाखाली हात घालतो, न पाहता एक मूठ बाहेर काढतो आणि कागदावर ठेवतो. गिऱ्हाइकाला आत काय आहे ते दिसत नाही आणि दिसू नये अशीच ती रीत आहे. कोळशावर भाजल्या जाणाऱ्या कोकराच्या आतड्यांचा, म्हणजे स्तिग्योलाचा, निळसर धूर गल्ली भरून वर चढत होता. गटातली तरुण मंडळी धुरात शिरून व्हिडिओ काढत होती. गाईड अभिमानाने सांगत होती की श्रीमंतांनी मांस खाल्ले आणि गरिबांनी उरलेल्यातून पाककला उभी केली. आमच्या चाळीत रविवारी बकऱ्याची वजडी शिजायची तेव्हा आई खिडकी लावून घ्यायची, हे आठवून मी पुन्हा गप्प बसले. वजडी धुण्याला अर्धा दिवस लागतो, चुन्याच्या आणि गरम पाण्याच्या किती पाळ्या होतात, हे तिथे माझ्याइतके कुणालाच ठाऊक नसावे. ही माहिती माझ्याजवळ होती आणि ती दाखवण्याची मला इच्छा नव्हती.

बाल्लारोतून बाहेर पडून आम्ही व्हिया माक्वेदाला लागलो. या रस्त्याच्या या भागात बांगलादेशी दुकानदारांची दुकाने आहेत: फोनची कव्हरे, बॅगा, तांदळाची पोती, केळफुले, कारली, मसूर डाळ. एका दुकानाच्या दारात उभ्या असलेल्या माणसाने गटातली माझी साडी पाहिली आणि “दिदी, इंडिया?” असे विचारले. मी हात वर करून होकार दिला आणि गटाला गाठायला पुढे धावले, कारण गाईडच्या पिवळ्या छत्रीचे टोक चौकाकडे निघाले होते. चौकात थांबून तिने खंडणीची गोष्ट सांगितली. माफियाच्या खंडणीला इथे ‘पित्झो’ म्हणतात, आणि त्याचा मूळ अर्थ चोच असल्याचे मानतात. खंडणी मागणे म्हणजे आपली चोच दुसऱ्याच्या वाटीत भिजवणे. २००४ च्या जून महिन्यात एका रात्री काही तरुणांनी शहरभर असे लिहिलेले स्टिकर लावले की खंडणी भरणारा अख्खा समाज हा स्वाभिमान गमावलेला समाज असतो, आणि त्यातून ‘आद्दिओपित्झो’ ही चळवळ उभी राहिली. ही गोष्ट तिने उत्तम सांगितली. तिचे दुसरे टोक मला नंतर वाचून समजले: २०१६ मध्ये याच रस्त्यावरच्या बांगलादेशी दुकानदारांनी त्याच चळवळीच्या आधाराने खंडणीखोरांची नावे पोलिसांना सांगितली आणि त्यांना अटक झाली. म्हणजे ज्या दुकानांसमोरून आम्ही नुकतेच भराभर चालत आलो होतो, तिथल्याच माणसांनी ते धाडस केले होते. तिथे थांबा नव्हता. कारल्यांना आणि मसुरीला पालेर्मोचा वारसा म्हणायला अजून वेळ आहे, असा कदाचित हिशेब असेल. चणे आणि लिंबेही कधीतरी बाहेरूनच आली होती. त्यांना कमीत कमी हजार वर्षे झाली, एवढेच.

वुच्चिरिया बाजार आम्ही दहा मिनिटांत उरकला, कारण तिथे फारसा बाजारच उरलेला नाही. रेनातो गुत्तुसो याने १९७४ मध्ये रंगवलेले या बाजाराचे भव्य चित्र जवळच्या स्तेरी महालात लावलेले आहे, आणि खरे सांगायचे तर आज गल्लीतल्यापेक्षा चित्रातच अधिक मासळी आहे. रात्री इथे तरुणांची गर्दी होते म्हणतात.

आता ते दुसरे कारण सांगायला हवे, जे मी वर टाळले.

माझे वडील लोअर परळच्या एका गिरणीत सूतखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी अकरा वर्षांची होते. अडीच लाख कामगार बाहेर पडले होते, म्हणून पहिले काही महिने चाळीत जत्रेसारखे वातावरण होते. पावसाळा लागेपर्यंत घराघरांतली भांडी विकायला निघाली. गिरणगावातल्या बायकांना दुसऱ्यांसाठी रांधणे नवे नव्हते. गावाकडून एकटे आलेले कामगार अशाच बायकांच्या घरी महिन्याच्या बोलीवर जेवत आणि अशा खानावळवाल्या बायकांसाठीच प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले होते. पण संपात जेवणाऱ्यांच्याच खिशात पैसे नव्हते. आईने गॅसऐवजी रॉकेलचा स्टोव्ह घेतला, एक फळकूट आणि दोन पराती घेतल्या आणि रस्त्याच्या कडेला बसायला सुरुवात केली. वडे, कांदाभजी आणि पाव. आदल्या दिवशीच्या उरलेल्या पाटवड्या ती तळायची आणि त्याही पावात घालून द्यायची, वर लसणाची लाल चटणी. वड्याला लागणारे बटाटे महाग झाले की त्या आठवड्यात वडा नसे, पाटवडीच असे. टॅक्सीवाले आणि हमाल ती आवडीने खात. मला ती दोन्ही वेळा जेवणात मिळे, त्यामुळे मला तिचा कंटाळा आला होता आणि पुढे रागही आला.

सातवीच्या वर्गात माझ्या बाकावर बसणारी एक मुलगी होती, तिचे वडील बँकेत होते. एकदा शाळा सुटल्यावर आम्ही त्या रस्त्याने चाललो होतो. आईने मला लांबून पाहिले असावे, कारण तिने पदराने तोंड पुसले आणि ती सावरून बसली. मैत्रिणीने विचारले, “त्या बाई तुझ्याकडे बघून हसल्या, तुझ्या ओळखीच्या आहेत का?” मी म्हणाले, “नाही.” आई काहीच बोलली नाही, तेव्हाही नाही आणि घरी आल्यावरही नाही. तिने ऐकले होते की नव्हते, हे मला शेवटपर्यंत समजले नाही, आणि ती गेल्याला आता नऊ वर्षे झाली. पालेर्मोत माझ्या तोंडून निघालेला शब्द तोच होता, आवाजही तोच होता. मधल्या काळात मी बी.एड. झाले, शाळेत बत्तीस वर्षे शिकवले, मुलींना खोटे बोलू नका असे सांगितले.

सफरीचा शेवट आरांचिनाने झाला. तांदळाचा तळलेला मोठा गोळा, आत मांस आणि वाटाणे किंवा माझ्यासाठी लोणी-चीज. पालेर्मोत हा शब्द स्त्रीलिंगी आहे आणि बेटाच्या पूर्वेकडे, कातानियात, पुल्लिंगी. या लिंगभेदावरून दोन शहरांत पिढ्यान्‌पिढ्या वाद आहे. पुण्या-मुंबईच्या माणसाला असले वाद समजावून सांगावे लागत नाहीत. गाईडने सांगितले की १३ डिसेंबरला, सांता लुचियाच्या दिवशी, पालेर्मोत कोणी पाव किंवा पास्ता खात नाही. लोक आरांचिना खातात, आणि ‘कुच्चिया’ खातात. १६४६ च्या दुष्काळात या दिवशी गव्हाचे जहाज बंदराला लागले आणि उपाशी लोकांना दळण्याइतकाही धीर निघाला नाही म्हणून त्यांनी गहू तसाच शिजवून खाल्ला, अशी आख्यायिका आहे. आता त्या शिजवलेल्या गव्हात गोड रिकोत्ता घालतात. ऐकताना खपली गव्हाची खीर माझ्या डोळ्यांसमोर आली. भुकेचा सण व्हायला किती वर्षे लागतात, याचा मी हिशेब करत होते. पावणेचारशे वर्षांपूर्वीची भूक गोड लागते, रिकोत्त्यात शोभते, आणि गाईड ती हसत सांगू शकते. संपाला चाळीसच वर्षे झाली आहेत. मुंबईतही आता वडापाव दाखवत फिरवणाऱ्या सफरी निघतात. लालबाग-परळच्या एखाद्या कोपऱ्यावर कोणी गाईड नऊ परदेशी माणसांपुढे गिरणी संपाची गोष्ट नेमक्या ठिकाणी थांबवत असेल, तर त्याने ती माझ्या आईच्या जागेपासून जरा दूर उभे राहून सांगावी, असे मला वाटते. आणि लगेच असेही वाटते की निदान कोणी तरी ती सांगावी.

संध्याकाळी फोनवर सफरीच्या लोकांचा संदेश आला. तारे द्यायचे होते आणि एका ओळीत लिहायचे होते की सर्वांत अनपेक्षित पदार्थ कोणता वाटला. मी पाच तारे दिले. ओळ मोकळी ठेवली.

दुसऱ्या दिवशी मिलानच्या विमानाला वेळ होता. मी एकटीच व्हिया माक्वेदावर गेले. आदल्या दिवशीचा दुकानदार स्टुलावर बसून फोनवर कुणाशी तरी मोठमोठ्याने बोलत होता. मला पाहताच त्याने फोन ठेवला. त्याचे हिंदी हिंदी सिनेमांतून आलेले होते आणि माझे त्याहून फार बरे नव्हते. सिल्हेटकडचा माणूस, सतरा वर्षे पालेर्मोत, दोन्ही मुली इथल्याच शाळेत. पोरी घरी सिसिलियन बोलतात, अशी त्याची गोड तक्रार होती. मुलाच्या खोलीवर जाऊन काही करून घालावे म्हणून मी बेसन मागितले. त्याने फळीवरून पुडा काढला. त्यावर बांगला, इंग्रजी आणि इटालियन अशा तीन भाषांत तेच लिहिलेले होते.

“पकोडे?” त्याने विचारले.

मी नाही म्हणाले, आणि मग काय करणार ते त्याला सांगू लागले. नाव सांगून उपयोग नव्हता, म्हणून हातांनी दाखवले: असे पाणी, असे पीठ, असे घोटायचे, सतत, नाहीतर गुठळ्या होतात, मग ताट उलटे, तेलाचा हात, असे थापायचे, निवू द्यायचे, सुरीने असे आणि असे. तो गंभीरपणे बघत होता. माझ्या मागे उभी असलेली एक स्थानिक म्हातारी हातात कोथिंबिरीची जुडी घेऊन थांबली होती, तीही बघत होती.

“हे तर पानेल्ले झाले, दिदी,” तो म्हणाला.

“हो,” मी म्हणाले. “माझी आई विकायची. फक्त आमच्याकडे मोहरीची फोडणी असते.”

“मोहरी आहे,” असे म्हणत तो स्टुलावर चढला आणि सगळ्यांत वरच्या फळीवरचे डबे एकेक करून बाजूला सरकवू लागला.